रकान्यातला ‘स्वल्प’

फेब्रुवारी १९५९ मध्ये माझी बदली बंगळूरच्या एका सिग्नल कंपनीत झाली. हुद्दा हवालदार, काम क्लार्कचं, गाव सातारा. सोबत एक ट्रंक, एक होल्डॉल आणि इंग्रजी टायपिंगचं सर्टिफिकेट. कन्नडचा एक शब्द येत नव्हता आणि तो लागेल असं वाटलंही नव्हतं. फौजेत बोलणं हिंदीत चालायचं आणि कागद इंग्रजीत.

ज्यांनी फौज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिग्नल कंपनीचं काम म्हणजे निरोप पोचवणं. तो वायरलेसने जातो किंवा तारेने. तार म्हणजे काळी केबल. ती रिळावरून सोडत शेतं, नाले, गाडीवाटा ओलांडून न्यायची आणि दोन्ही टोकांना टेलिफोन जोडायचा. केबल तुटली की एक माणूस ती हातात धरून चालू लागतो, तुटलेली जागा सापडेपर्यंत. तो लाइनमन. आमच्या कंपनीतला सगळ्यात चांगला लाइनमन नाईक मल्हारराव चव्हाण होता. त्याची फाइल माझ्या कपाटात होती, तरी हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

मल्हारराव बंगळूरचाच. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर आले आणि इथेच राहिले. घर चिकपेटेतल्या एका बोळात. घरात मराठी बोलत, पण ती मराठी मला पहिल्यांदा ऐकताना मौजेची वाटली. “मी सांगितलो,” “मी केलो,” असं तो म्हणायचा. मधूनमधून “सरी” यायचं, म्हणजे ठीक आहे. मी साताऱ्याचा, त्याला दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “साठेसाहेब, तुमची मराठी चांगली आहे. आमची जुनी आहे.” त्यानंतर मी तो विषय सोडला.

ऑगस्ट १९६० मध्ये वरून एक हुकूम आला. ज्या एनसीओंची, म्हणजे नाईक-हवालदारांची, नोकरी पंधरा वर्षांच्या आसपास आली होती त्यांनी आपली पारख आपणच करून द्यायची. मला काय येतं, किती येतं, अजून काय शिकायचं आहे, पाच वर्षांनी मी कुठे असावं असं मला वाटतं. त्यावरून ठरणार होतं की कोणाला बढतीच्या कोर्सला पाठवायचं आणि कोणाला पेन्शनवर जाण्याआधी बाहेरच्या धंद्याचं शिक्षण द्यायचं. कल्पना नवीन होती. मला ती फार पटली. मी स्वतः दर वर्षाच्या सुरुवातीला अशी यादी करत असे आणि अजूनही करतो.

मी फॉर्म तयार केला. डाव्या रकान्यात काम, मधल्यात दर्जा, उजव्यात शेरा. दर्जे तीन: उत्तम, साधारण, अल्प. बहुतेकांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, मी इंग्रजीत लिहायचं आणि खाली त्यांनी सही करायची. एकेकाला वीस मिनिटं.

मल्हाररावची वेळ शनिवारी १०३० ची, म्हणजे सकाळी साडेदहाची, होती. तो १०२५ ला दारात उभा होता. त्याचा पेच मला फाइलवरून माहीत होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये त्याची पंधरा वर्षं पुरी होत होती. त्याआधी कोर्स करून तिसरी फीत मिळाली, म्हणजे तो हवालदार झाला, तर नोकरी वाढणार होती. नाहीतर घरी. वय तेहतीस.

“वायरलेस सेट चालवता येतो?” मी विचारलं.

“स्वल्प येतो.”

“लाइन टाकणं?”

“ते पण स्वल्प.”

“फॉल्ट शोधणं?”

“स्वल्प, साहेब.”

“स्विचबोर्ड?”

“येतो. स्वल्प.”

“भाषा कोणत्या?”

“मराठी घरची. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी...” त्याने विचार केला. “स्वल्प स्वल्प.”

“दुसऱ्यांना शिकवता येईल?”

“स्वल्प येईल.”

“आणि पाच वर्षांनी काय व्हावंसं वाटतं?”

त्याने फॉर्मकडे पाहिलं. मग म्हणाला, “हवालदार. शिकवायचं. अशी स्वल्प इच्छा आहे.”

आमच्या शाळेत संस्कृत होतं. स्वल्प म्हणजे फारच थोडं, अल्पाहूनही कमी, हे मला पक्कं माहीत होतं. मी प्रत्येक कामापुढे ‘स्लाइट’ लिहिलं. शेवटच्या प्रश्नापुढेही तेच लिहिलं: स्लाइट डिझायर. चौदा वर्षांच्या नोकरीत माणसाने एवढंच कमावलं याचं मला वाईट वाटलं. पण माणूस प्रामाणिक आहे असा उजव्या रकान्यात शेरा दिला. त्याने खाली नीट अक्षरात सही केली आणि तो गेला.

कोर्सची यादी सप्टेंबरच्या शेवटी लागली. बारा नावं होती, त्याचं नव्हतं. मी खिडकीतून पाहत होतो. त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. “सरी,” एवढंच म्हणाला आणि स्टोअरकडे वळला. त्या दिवशी त्याने तीन मैल केबल साफ करून रिळावर गुंडाळली. ते काम त्याचं नव्हतं.

ऑक्टोबरात होसकोटेच्या पुढे माळावर कंपनीचा एक्सरसाइज, म्हणजे लढाईचा सराव, होता. दिवस दुसरा. मुख्य तंबूत एक्स्चेंज, चार मैलांवर टेकडीवर तीन जणांची चौकी, मध्ये एक केबल. क्लार्कनाही अशा वेळी काम करावं लागतं. मी एक्स्चेंजवर नोंदवही घेऊन बसलो होतो. दुपारी दीडनंतर आभाळ भरून आलं. वायरलेसवर नुसती खरखर सुरू झाली. १४१८ ला टेकडीवरून फोन आला.

“एक्स्चेंज, वीज पडली आहे. ऑपरेटर बेशुद्ध. श्वास नीट नाही. अँब्युलन्स...”

तिथेच लाइन मेली.

मी हँडल फिरवत राहिलो. काही नाही. कंपनी कमांडर मेजरसाहेब आणि डॉक्टर दोघेही तंबूत आले. अँब्युलन्स तयार होती, पण टेकडीकडची वाट नाल्याने अडवली होती आणि पाणी वाढत होतं. दुसरी वाट नकाशावर नव्हती. वायरलेसवरून तीनदा हाक मारली. उत्तर आलंही असेल, पण ऐकू आलं नाही.

मल्हारराव तोपर्यंत निघाला होता. कुणी हुकूम दिला ते मी वहीत शोधलं. नोंद नाही. १४२० ला तो केबलचं रीळ पाठीवर, टेस्ट फोन खांद्याला, अशा थाटात नाल्याच्या कडेने जाताना दिसला. केबल त्याच्या डाव्या मुठीतून सरकत होती. तो पळत नव्हता. झपझप चालत होता.

१४५१ ला स्विचबोर्डावर फोन आल्याची खूण पडली.

“एक्स्चेंज, नाईक चव्हाण. फॉल्ट सापडला. चाळीस यार्ड केबल गायब आहे. मालक इथेच उभे आहेत.”

“मालक कोण?”

“शेतकरी, साहेब. आपली केबल त्यांच्या म्हशीला बांधली आहे.”

“सोडवून घे!”

“म्हैस मारकी आहे. माझ्याकडची जोडलो. टेकडी लाइनवर आहे, डॉक्टरसाहेबांना द्या.”

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. श्वास चालू ठेवायला पाठीवर दाब कसा द्यायचा, किती वेळ, कितीदा, हे ते टेकडीवरच्या जवानाला सांगू लागले. तो अर्धंच समजत होता. तमिळ बोलणारा, नवा भरती झालेला होता; आधी फोन करणारा ऑपरेटरजवळ गुंतला होता. मग लाइनवर मधूनच मल्हाररावचा आवाज आला. डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य तो तमिळमध्ये पुढे देत होता आणि तिकडचं उत्तर हिंदीत इकडे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्यातच तो शेतकऱ्याशी कन्नडमध्ये काही बोलला आणि आम्हाला म्हणाला, “अँब्युलन्स तलावाच्या बांधावरून घ्या. बैलगाडी जाते, मोटर पण जाईल. हे गृहस्थ बांधावर येऊन उभे राहतात. डोक्यावर लाल टॉवेल आहे.”

अँब्युलन्स १५२५ ला टेकडीवर पोचली. ऑपरेटर वाचला. एका कानाने त्याला पुढे कमी ऐकू यायचं, इतकंच.

मी नोंदवहीत वेळा लिहिल्या आणि लिहिता लिहिता थांबलो. फॉल्ट शोधणं: स्लाइट. तमिळ: स्लाइट. दोन्ही शब्द माझ्याच अक्षरातले.

परतल्यावर शनिवारी दुपारी मल्हाररावने मला घरी जेवायला बोलावलं. बोळात घर शोधायला वेळ लागला नाही. नाव सांगताच तिघांनी एकदम बोट दाखवलं. त्याची बायको तुळजाक्का शिवणाच्या मशीनवर बसली होती. दुकानांची झंपरं शिवायची. मला पाहून उठली.

“या अण्णा. उशीर केलात. स्वल्प जेवून घ्या.”

मी मनात म्हटलं, बरं झालं, हलकंच जेवण असेल. केळीचं पान मांडलं गेलं. कोशिंबीर, दोन भाज्या, चित्रान्न, पुरी, सार, मग भात, मग पुन्हा भात. मी हात आडवा धरला.

“वहिनी, तुम्ही स्वल्प म्हणालात!”

“हो, स्वल्पच वाढलं. तुम्ही काही घेतच नाही.”

“स्वल्प म्हणजे किती हो?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग तुळजाक्का हसून म्हणाली, “म्हणजे... असं म्हणायचं. जेवा म्हटलं तर हुकूम केल्यासारखं होतं. स्वल्प जेवा म्हटलं की बरं वाटतं. दुकानात जागा मागायची तरी स्वल्प सरका. माणूस पूर्ण सरकतो की.”

“आणि मला स्वल्प येतं, असं कोणी म्हटलं तर?”

“तर येतं,” मल्हारराव म्हणाला. “चांगलं येतं. न येणारा कशाला बोलेल?”

मी हात धुतले. मग त्याला सगळं सांगितलं. फॉर्म, मधला रकाना, स्लाइट. त्याने विचारलं, “स्लाइट म्हणजे?”

“जवळजवळ नाहीच.”

 “मग यादी बरोबर लागली,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तुळजाक्का मात्र भडकली, पण माझ्यावर नाही. “किती वेळा सांगितलं! सगळीकडे तुमचं स्वल्प! जेवताना स्वल्प म्हणता आणि तिसऱ्यांदा भात घेता. तिथे साहेबांपुढे पण तेच?”

“आमच्या घरात कोणी मला सगळं येतं म्हणत नाही ग.”

“घर वेगळं, फॉर्म वेगळा.”

याहून चांगली सूचना त्या हुकुमावरच्या चार पानी पत्रकात नव्हती.

सोमवारी ०९०० ला मी मेजरसाहेबांसमोर उभा राहिलो. ते पंजाबचे. त्यांना स्वल्प समजावून सांगायला सात मिनिटं लागली.

“पण फॉर्मवर सही त्याची आहे, साठे.”

“सही त्याची, सर. अर्थ माझा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तू सांगतोस म्हणून मी नाव घालणार नाही. तो पुन्हा बसेल, माझ्यासमोर. आणि दुसरं: वायरलेसवर आपला आवाज किती नीट पोचतो, ती स्ट्रेंथ आपण सांगतो का?”

“नाही सर. समोरचा सेट सांगतो.”

“मग त्याच्याबरोबर काम केलेले तीन जण आण. आधी तो बोलेल, मग ते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू. शुक्रवार, ११००.”

चार संध्याकाळी आम्ही तयारी केली. मी फॉर्म बदलला. उत्तम, साधारण, अल्प काढून टाकलं. तिथे घातलं: येत नाही, सांगितलं तर येतं, एकट्याला येतं, शिकवता येतं. या चार पायऱ्यांत कोणी कुठे आहे हे नम्र माणसालाही सांगता येतं, कारण त्यात स्वतःची स्तुती नाही, फक्त माहिती आहे. मी पुढे जिथे जिथे काम केलं तिथे हाच फॉर्म वापरला.

तुळजाक्का मेजरसाहेब झाली. झंपर बाजूला ठेवून ताठ बसायची.

“लाइन?”

“स्व...”

हातात शिवणाची कात्री होती, ती तिने टेबलावर आपटली.

“शिकवता येतं!” मल्हारराव घाईने म्हणाला.

“ड्रायव्हिंग?”

“येत नाही.”

“हे कसं फटकन बोललात? येत नाही ते सांगायला बरं जमतं!”

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “साठेसाहेब, तुमचा फॉर्म कोण भरतो?” मी म्हटलं, माझा मीच भरला. त्यात मी भाषांपुढे ‘एक्सलंट’ लिहिलं होतं. त्या रात्री मी माझा कागद काढला आणि त्यात एक ओळ घातली. कन्नड: येत नाही. शिकायची आहे. गुरू तिथेच मिळाला. मोबदल्यात मी त्याला इंग्रजी फॉर्म वाचायला शिकवलं.

शुक्रवारी ११०० ला तो मेजरसाहेबांसमोर सावधान उभा राहिला. मी शेजारी टिपणं घेत होतो. उत्तरं सरळ आली. मग तिघे एकेक करून आत आले. टेकडीवरचा तो ऑपरेटर शेवटचा. मेजरसाहेबांनी विचारलं, नाईक चव्हाणची लाइन कशी आहे? तो म्हणाला, “सर, मी तिच्यावर जिवंत आहे.” साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

जानेवारीच्या कोर्सला तेरावं नाव गेलं. फेब्रुवारी १९६१ मध्ये, पंधरा वर्षं भरायच्या आत, मल्हाररावच्या बाहीवर तिसरी फीत आली. ती तुळजाक्काने मशीनवर नाही, हाताने शिवली. त्यानंतर दीड वर्ष तो नव्या भरतीला लाइन शिकवत होता. माझ्या ऑफिसमागेच मैदान होतं. “केबलकडे बघू नका, ती मुठीला सांगते,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मलाही फॉल्ट शोधता येईल असं वाटायचं. येत नाही. एकदा प्रयत्न केला होता. मुलं फार हसली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये उत्तरेला लढाई सुरू झाली. आमच्या कंपनीतून चोवीस जण जाणार होते. त्यांची यादी मी टाइप केली. अनुक्रमांक चार: हवालदार चव्हाण एम. मी त्या ओळीवर थांबलो, मग पुढची टाइप केली. यादीतून नाव गाळणं माझ्या अधिकारात नव्हतं आणि त्याला ते चाललंही नसतं. कँटोन्मेंट स्टेशनवर गाडी सकाळी १०४० ला सुटली. तो खिडकीतून म्हणाला, “साठेसाहेब, कन्नड सोडू नका. क्रियापदं कच्ची आहेत.”

नोव्हेंबरात सिग्नल आला. तोही माझ्याच टेबलावर. डोंगरातल्या एका ठाण्याची लाइन तुटली होती. ती जोडायला हवालदार चव्हाण दोन जवानांसह निघाला. एका वळणावर त्याने दोघांना आडोशाला थांबवलं आणि पुढे एकटा गेला. लाइन चालू झाली. ठाण्याला मागे येण्याचा हुकूम तिच्यावरूनच मिळाला. ते सगळे परत आले. तो आला नाही.

मेजरसाहेब आणि मी घरी गेलो. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

एक गणित मात्र मी पुष्कळदा केलं. मी गप्प राहिलो असतो तर फेब्रुवारी १९६१ मध्ये तो नाईक म्हणून पेन्शनवर गेला असता. चिकपेटेत एखादं विजेच्या सामानाचं दुकान टाकलं असतं. जानेवारी १९६३ मध्ये मी हे तुळजाक्काला सांगितलं. शब्द जुळवून गेलो होतो, ते राहिले बाजूला.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. “अण्णा,” ती म्हणाली, “मैदानावरून घरी येताना ते शीळ घालत यायचे. बोळाच्या तोंडापासून ऐकू यायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मला माहीतच नव्हतं त्यांना शीळ येते ते.” मग म्हणाली, “दीड वर्ष ऐकली मी. ती तुम्ही परत घेऊ नका.”

मग तिने फडताळातून एक कागद काढला. सैनिकांच्या घरच्या बायकांसाठी शिवणवर्ग निघणार होता. तिथे शिकवणारी बाई हवी होती. अर्ज इंग्रजीत होता.

“लिहा,” ती म्हणाली. मी टोपण काढलं. “झंपर, परकर, शर्ट: शिकवता येतं. कापड बेतणं: शिकवता येतं. मशीनची दुरुस्ती: एकटीला येते. इंग्रजी: येत नाही, शिकीन.”

मी तसंच उतरवलं. एकाही शब्दाचा अर्थ मला लावावा लागला नाही. खाली पतीचं नाव लिहायची जागा होती. मी न विचारता मल्हाररावचा ‘एम’ लिहिला.

“थांबा,” तुळजाक्का म्हणाली. “आधी हवालदार लिहा.”

जागा कमी होती. मी अक्षर बारीक केलं आणि हवालदार मल्हारराव चव्हाण असं पूर्ण लिहिलं.